चौथी टकटक

घडलं ते जसंच्या तसं लिहितो आहे. त्या दिवशी वाचनालयाच्या वरच्या खोलीत सात मुलं होती. जिन्याखाली ग्रंथपालबाई होत्या. आणि वेळ होती दुपारी पावणेचारची.

रात्र नव्हती. वीज गेली नव्हती. कुठे कुत्रं रडत नव्हतं.

हे आधीच सांगून टाकतो, कारण ग्रंथपालबाई म्हणतात की सर, तुमचा डोळा लागला असेल. मी दुपारी झोपत नाही. मुलं समोर असताना तर नाहीच.

मी चौतीस वर्षं शाळेत चौथीचा वर्ग शिकवला. निवृत्त झाल्यापासून सुट्ट्यांत त्या खोलीत मुलांना जमवतो. एखाद्याला भागाकार सात वेळा समजावून झाला, तरी आठव्यांदा त्याच आवाजात समजावतो. लोक माझ्या संयमाचं कौतुक करतात. हा संयम माझ्यात मुळात नव्हता. तो कुठून आला, तेच सांगायला बसलो आहे.

त्या हिवाळ्यात माझी नात पहिल्यांदा माझ्याकडे राहायला आली होती. वय वर्षं नऊ. माझ्या मुलीने तिला माझ्याकडे ठेवायला नऊ वर्षं लावली. जाताना जिन्यात थांबून ती मला हळूच म्हणाली, "तिच्यावर एकदा जरी आवाज चढवलात ना बाबा, तर हे शेवटचं."

मला राग आला नाही. ती माझ्याच हाताखाली लहानाची मोठी झाली होती. तिला तसं म्हणायचा हक्क होता.

मला फक्त ते आठ दिवस नीट पार पाडायचे होते.

नाताळची सुट्टी होती, म्हणून मी मुलांसाठी नाताळचीच एक जुनी भुताची गोष्ट निवडली. डोंगरातल्या एका खाणावळीचा म्हातारा, तिरसट मालक. बाहेर बर्फ. नाताळच्या आदल्या संध्याकाळी एक मुलगी दार वाजवते. तीनदा. म्हातारा शेकोटीजवळच्या खुर्चीतून उठत नाही. सकाळी ती दारात गोठलेली सापडते. पुढे दर नाताळला त्याच वेळी दारावर टकटक होते. अनेक वर्षांनी म्हातारा शेवटी उठतो, दार उघडतो आणि सुटतो.

या गोष्टीवर चार सिनेमे निघाले होते. चारही मी मिळवले. रोज दुपारी एक बघायचा आणि वहीत तक्ता भरायचा. दार उघडल्यावर काय दिसतं? बर्फ खरा वाटतो का? आणि शेवटचा रकाना... टकटकीचे आवाज किती?

हा शेवटचा रकाना म्हणजे माझी जुनी युक्ती. कोण लक्ष देऊन बघतंय आणि कोण शेजाऱ्याला चिमटे काढतंय, ते त्यावरून कळतं.

पहिला सिनेमा मुका होता. काळापांढरा, पावसासारख्या रेघा पडलेला. त्यात मुलीचा हात दारावर तीनदा पडताना दिसतो. आवाज अर्थातच नाही. तेव्हा शेवटच्या रकान्यात शून्य यायला हवं होतं.

मी वह्या गोळा केल्या.

सातही वह्यांत लिहिलं होतं... एक.

मला हसू आलं. म्हटलं, सगळ्यांनी मिळून माझी फिरकी घेतली. आमच्यात एक मुलगा आहे. वाद घातल्याशिवाय त्याचं जेवण पचत नाही, म्हणून त्याला सगळे वकील म्हणतात. वकील उभा राहिला. म्हणाला, हात तीनदा दिसतो हे कबूल, पण तुम्ही आवाज विचारलेत, आणि आवाज एकदाच आला.

मी म्हटलं, मुक्या सिनेमात आवाज कुठून येणार?

"ते तुम्ही सांगायचं, सर," तो म्हणाला. "आम्ही फक्त मोजलं."

पोरं खिदळली. मीही.

दुसरा सिनेमा बोलका. त्यात दार उघडल्यावर मुलगी चक्क जिवंत आत येते, शेकोटीपाशी बसते आणि सगळे मिळून गाणं म्हणतात. वकिलाच्या मते ही शुद्ध फसवणूक होती, कारण शेकोटीजवळ बसूनही तिच्या टोपीवरचा बर्फ वितळत नाही. आमच्यातल्या जुळ्या बहिणींना मात्र तोच आवडला. त्यांचं म्हणणं, गोष्टीत मेलेली माणसं सिनेमात जिवंत करता येत नसतील, तर मग सिनेमा काढायचाच कशाला?

शेवटचा रकाना... चार.

मी तो भाग पुन्हा लावून स्वतः मोजलं. एक, दोन, तीन. बस.

तिसरा रंगीत. त्यात म्हाताऱ्याला एक गुबगुबीत कुत्राही दिला आहे, आणि सगळ्या पोरांचा जीव त्या कुत्र्यावर जडला. तरी रकान्यात पुन्हा... चार.

आता मला हसू येईना. मी मुलांना म्हटलं, पुस्तकातही तीन आहेत, पडद्यावरही तीन आहेत, मग तुम्ही चौथी आणता कुठून? सगळे एकमेकांकडे बघू लागले. मी त्यांना रागावतो आहे की काय, असं त्यांना वाटलं असावं. मी लगेच आवाज खाली आणला.

माझी नात पहिल्या बाकावर होती. ती म्हणाली, "तीन झाल्या की थोडा वेळ काहीच नसतं, आजोबा. मग एक येते. खालून."

"खालून म्हणजे?"

ती उठली. दाराशी जाऊन वाकली. जमिनीपासून जेमतेम वीतभर उंचीवर तिने बोट ठेवलं.

"इथून."

त्या उंचीबद्दल मी जन्मात कोणाशी बोललो नव्हतो. बायकोशीही नाही.

चौथ्या दिवशी चौथा सिनेमा लावायचा होता. सर्दीचं निमित्त काढून तो रद्द करावा, असं सकाळी मनात आलं होतं. पण पोरं धावत जिना चढून आली होती, आणि नातीने माझं बोट धरून ठेवलं होतं. त्या चार दिवसांत ती माझं बोट धरायला लागली होती. ते सोडवणं मला जमलं नाही.

हा सिनेमा अगदी अलीकडचा. गोष्ट तीच, पण एक फरक आहे. बाकी तिन्ही सिनेमांत आपण म्हाताऱ्याबरोबर आत बसलेले असतो. उबेत. टकटक आपल्याला ऐकू येते. या चौथ्यात कॅमेरा एकदाही आत जात नाही. सगळा वेळ आपण त्या मुलीबरोबर बाहेर उभे असतो. समोर फक्त बंद दार. आणि आतून येणारे हसण्याचे आवाज.

मला ते बघवेना. मी वहीत मान घातली.

पडद्यावर हात उठला.

एक.

दोन.

तीन.

मग शांतता...

पंखा बंद होता. रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज कधी थांबला, ते मला कळलंच नाही. एकाही मुलाच्या श्वासाचा आवाज येत नव्हता.

आणि मग... टक.

या वेळी ती मी ऐकली.

पडद्यावरून नाही. आमच्या खोलीच्या दारावरून. खालून, वीतभर उंचीवरून. बोटाच्या पेराने वाजवावं, तितकी हलकी.

सातही चेहरे माझ्याकडे वळले.

मी उठलो. वाटलं, गोष्टीतला म्हातारा उठला म्हणून सुटला, मग मीही उठलं पाहिजे. तीस वर्षं उशिरा का होईना. मी दार उघडलं.

बाहेर कोणी नव्हतं.

जिन्याचा चौक रिकामा. खिडकीतून दुपारचं ऊन फरशीवर पडलेलं. मी दोन पावलं पुढे जाऊन कठड्यावरून खाली डोकावलो.

मागे दार लागलं.

आपटलं नाही. कोणीतरी आतून हळूच, काळजीपूर्वक लोटावं, तसं लागलं. मी ढकललं. हलेना. म्हटलं, वाऱ्याने अडकलं असेल. मी वाजवलं. एकदा... दोनदा...

आणि आतून आवाज आला.

"एक... दोन..."

सात मुलं एका सुरात मोजत होती.

मी तिसऱ्यांदा वाजवलं. "तीन!" आणि मग सगळी हसली. लहान मुलं वर्गात हसतात, तशी. त्या हसण्यात माझ्या नातीचं हसू मला वेगळं ओळखू आलं.

मी तिला हाक मारायला गेलो. आवाज फुटेना. छातीत हवा शिरेचना. कोणीतरी दोन्ही फुप्फुसं मुठीत धरून पिळावीत, तसं झालं. मला आयुष्यात कधी दम्याचा त्रास नाही. गुडघे वाकले. मी दाराला घासत खाली बसलो, मग आडवा झालो. हात तेवढा उचलत होता. जमिनीपासून वीतभर.

मी चौथ्यांदा वाजवलं.

आत कोणी मोजलं नाही.

किती वेळ गेला, ते सांगता येणार नाही. ग्रंथपालबाई चहा घेऊन वर आल्या आणि मला पाहून त्यांच्या हातातला कप पडला. त्यांनी मला उठवून बसवलं. मी दाराकडे बोट दाखवलं. त्यांनी एका हाताने ढकललं आणि ते सहज उघडलं. त्या मला समजावत राहिल्या, की अहो सर, कडी लागलेलीच नव्हती. कडी आहे वरच्या बाजूला, मुलांचा हात तिथवर पोचत नाही, हे मलाही ठाऊक होतं.

आत मुलं वह्यांवर वाकून शहाण्यासारखी तक्ता भरत होती.

मी विचारलं, दार का नाही उघडलंत?

वकिलाने मान वर केली. त्याला खरंच नवल वाटलेलं दिसत होतं.

"सर, तुम्ही दार वाजवलंच नाहीत."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. नातीनेही.

आता ते सांगतो, जे या वाक्याने माझ्यापुढे आणून उभं केलं.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. काडीसारखी. मुलं तिला टाचणी म्हणायची. वर्षाच्या सुरुवातीला तिची आई सांगून गेली होती, की तिला दमा आहे, जरा सांभाळून घ्या. मी म्हणालो होतो, बरा अभ्यासाच्या वेळीच येतो दमा. एका थंड दुपारी तिला कविता आली नाही, म्हणून मी तिला वर्गाबाहेर काढलं. पाठ झाली की दार वाजव, मग आत घेईन.

थोड्या वेळाने तिने दार वाजवलं. मी आतूनच विचारलं, म्हण पहिली ओळ. उत्तर आलं नाही. तिने पुन्हा वाजवलं. मग मी वर्गाला म्हटलं, मोजा रे, टाचणी किती वेळा टोचते ते. चाळीस मुलांनी मोजलं आणि सगळी पोट धरून हसली. मीही हसलो. मग बराच वेळ शांतता. आणि मग एक, अगदी खालून. कोणीतरी हळूच चार म्हणालं. या वेळी हसलं कोणी नाही. पहिल्या बाकावरची मुलगी उठू लागली, तशी मी छडी टेबलावर आपटली.

"उघडायचं नाही."

घंटा व्हायला वीस मिनिटं होती. मी त्या वीस मिनिटांत सबंध कविता शिकवून संपवली.

ती गेल्यावर तिच्या आईने मला एकच विचारलं, की सर, माझ्या पोरीने दार वाजवलं नाही का हो? मी म्हणालो, तिने दार वाजवलंच नाही. हेडमास्तरांनी वर्गाला विचारलं. चाळीस मुलांनी माझ्याकडे पाहिलं आणि माना डोलावल्या.

त्यानंतर मी कोणत्याही मुलावर आवाज चढवला नाही. लोक त्याला संयम म्हणतात.

नातीचे उरलेले चार दिवस सुरळीत गेले. ती खायची, खेळायची, झोपायची. फक्त माझं बोट तिने पुन्हा धरलं नाही. मुलगी न्यायला आली, तेव्हा मी तिला चक्कर आल्याचं सांगितलं. बाकी काही नाही.

मागच्या महिन्यात मी त्यांच्या घरी गेलो. येतो म्हणून कळवलं होतं. त्यांच्या दाराला घंटी आहे, ती दाबली. आत वाजल्याचं मला ऐकू आलं. कोणी आलं नाही. दार वाजवलं. पुन्हा वाजवलं. आत नात वाचत होती, मोठ्याने, अडखळत. कविता होती. मग माझ्या मुलीचा आवाज आला. ती आतल्या खोलीतून विचारत होती, आजोबा आले का गं?

"नाही आले," नात म्हणाली. दारापासून हातभर अंतरावरून.

मी जिन्यातून मुलीला फोन केला, तेव्हा तिने येऊन दार उघडलं. फार ओशाळली. घंटी बिघडली असेल म्हणाली आणि पाणी आणायला आत गेली.

मी नातीपाशी बसलो. शक्य तितक्या मऊ आवाजात विचारलं, "पिल्लू, तुला माझं दार वाजवणं ऐकू आलं नाही?"

तिने पुस्तकात बोट ठेवलं. आधी बाजूच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आलं की. पण ती म्हणाली, उघडायचं नाही."

ती म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही. पाणी न पिताच उठलो. त्यानंतर त्या घरी गेलो नाही, आणि रोज ठरवूनही मुलीला हे सांगायची माझी हिंमत होत नाही.

इतकी वर्षं मी समजत होतो, की ती दाराबाहेर आहे.