कापडी गुलाबाचा वास

"हा गोल आहे की वांगं?" विश्वजीतने विचारलं.

"गोलच आहे!" निनाद गेरूचा हात नाचवत ओरडला. "फरशी वाकडी आहे, त्याला मी काय करू!"

"फरशी वाकडी, ब्रश वाकडा, आणि तू मात्र सरळ!" कस्तुरी हसली. मास्कमुळे तिचं हसू फक्त डोळ्यांत दिसलं. "राहू दे. वांग्यातसुद्धा एक माणूस मावतो."

परवा त्रिपुरी पौर्णिमा होती. बनारसवाले तिला देवदिवाळी म्हणतात. त्याच दिवशी, पंचगंगा घाटावरच्या गल्लीतलं वेणूबाईंचं घर करोनाच्या कुलपातून सुटून लोकांसाठी उघडणार होतं. घर कसलं, चिमुकलं संग्रहालयच ते! मधल्या खोलीत जाण्याआधी अंगणात माणसांनी एकमेकांपासून लांब बसून थांबावं म्हणून ही तिघं गेरूने गोल काढत होती. दिवाळीची सुट्टी होती आणि मोबाइलवरच्या शाळेपासून सुटकाही! कस्तुरी आणि तिचा धाकटा भाऊ निनाद याच गल्लीत जन्मले होते. विश्वजीत मात्र गेल्या वर्षी नाशिकहून आलेला. त्याचे बाबा बँकेत होते.

वेणूबाई कोण, हे कस्तुरीला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं. फार वर्षांपूर्वी दक्षिणेकडून काशीला येणाऱ्या बाया या घरी उतरत. जाताना प्रत्येक बाई आपल्या लुगड्याची एक चिंधी आणि एक ओवी वेणूबाईंपाशी ठेवून जाई. वेणूबाईंनी त्या चिंध्यांची गोधडी शिवली. मधल्या खोलीत भिंतभर टांगलेली ती गोधडी म्हणजे या घराचा जीव. तिची गोष्ट परवा पाहुण्यांना कस्तुरी सांगणार होती. नरहरकाकांनीच तिला निवडलं होतं.

नरहरकाका या घराची देखभाल करत आणि मागच्या खोलीत एकटेच राहत. कस्तुरीच्या नात्याचे नव्हते, पण गोधडीतली एकेक ओवी त्यांनीच तिला शिकवली होती. "ही माझा उजवा हात!" असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, तेव्हा कस्तुरी दोन बोटं उंच होई.

"काका, घरातून कसला तरी वास येतोय," गोल रेखत रेखत ती म्हणाली. "डोळे झोंबतायत माझे."

काका पायरीवर उन्हात बसून काढा पीत होते. "कसला वास? मला तर काही नाही येत. नाकं फार नाजूक झालीत तुमची!"

इतक्यात आतून किंकाळी आली.

सगळे धावले. मधल्या खोलीत शरदिनीमावशी उभ्या होत्या. विद्यापीठातून निवृत्त झालेल्या शरदिनीमावशी या घराच्या विश्वस्त. त्यांचा आवाज चढलेला कधी कुणी ऐकला नव्हता. आत्ता त्यांचं बोट गोधडीकडे रोखलेलं होतं.

गोधडीच्या उजव्या अंगाला पांढरट डाग पडले होते. डाळिंबी चिंधीवर, निळ्या चिंधीवर, चंद्रकळेच्या काळ्याभोर तुकड्यावर. कुणी मुठीने पीठ फेकावं तसे!

"कुणी केलं हे?" मावशींनी विचारलं.

मग नरहरकाका हळूच म्हणाले, "काल संध्याकाळी... सॅनिटायझरच्या बाटल्या कस्तुरीच भरत होती. याच दाराशी."

कस्तुरीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "काका, मी तर दाराच्या बाहेर होते! एक थेंबसुद्धा..."

"असू दे गं," काका म्हणाले. ते फरशीकडे बघत होते. "लेकरू आहे, मावशी. सांडलं असेल. तिला रागावू नका."

काका तिच्यावर ओरडले असते तर परवडलं असतं! पण हे माफ करणं? न केलेल्या चुकीची माफी गळ्यात घातली की ती काढता येत नाही. मावशींनी कपाळावर हात मारला. "कस्तुरी, परवाची गोष्ट दुसरं कुणीतरी सांगेल. आणि तोवर तू आत येऊ नकोस, बाळा."

कस्तुरीने काकांकडे पाहिलं. एकदा तरी वर बघतील म्हणून वाट पाहिली.

ते फरशीच बघत राहिले.

*

पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांवर तिघं बसली. उंच बांबूंच्या टोकांना कार्तिकातल्या आकाशदिव्यांच्या टोपल्या झुलत होत्या. खाली गंगा आपल्याच नादात वाहत होती. कस्तुरी काकांनीच शिकवलेली ओवी पुटपुटत होती, आणि पुटपुटता पुटपुटता रडत होती.

*काशीला आले बाई, उन्हानं पाय पोळले*
*तुझ्या गं उंबऱ्याशी माझे माहेर मिळाले*
*चिंधी ही पदराची, शिव गं तुझ्या गोधडीत*
*ऊब माझी राहू दे, मी जाते माझ्या होडीत*

"दीदी, नाक पुस," निनाद म्हणाला. "मास्क ओला झाला तर बेकार होतो."

"गप रे!"

"एकच विचारतो," विश्वजीत म्हणाला. "सांडलंस का?"

"नाही!"

"मग रडायचं थांबव. सॅनिटायझरने रंग उडतो, हे तरी कुणी पाहिलंय?"

कस्तुरीने मान वर केली. खरंच की! निनादच्या खिशात सॅनिटायझरची छोटी बाटली होती, गळ्यात लाल रुमाल होता. विश्वजीतने रुमाल ओढला.

"ए! माझा नवा रुमाल!"

"विज्ञानासाठी त्याग कर!"

रुमालावर भरपूर सॅनिटायझर ओतलं. उन्हात धरला. तो भराभर सुकला आणि होता तसा लालभडक राहिला!

"उडाला नाही!" कस्तुरी उभीच राहिली. "मग कशाने उडतो?"

"मला माहितीये," निनाद ऐटीत म्हणाला. "आई न्हाणीघर धूत होती, तेव्हा माझ्या निळ्या शर्टावर उडालं होतं. असेच पांढरे डाग पडले. ब्लीचिंग पावडर! आणि वास असा की बाप रे, डोळ्यांत मिरची!"

डोळ्यांत मिरची! तिघं एकमेकांकडे बघत राहिली. आज सकाळी अगदी तस्सेच डोळे झोंबत होते.

"काकांचा पंप!" विश्वजीत म्हणाला. "रामनगरच्या गुलाबवाल्याकडून आणलाय ना त्यांनी, पाठीवरचा? झाडांवर औषध मारायचा?"

"पण मावशींनी बजावलं होतं, गोधडीच्या खोलीत काहीही फवारायचं नाही. नुसत्या खिडक्या उघड्या ठेवायच्या." कस्तुरीच्या कपाळाला आठ्या पडल्या. "आणि वास किती उग्र होता! इतकं जहाल औषध काकांना कळलं कसं नाही? ते तर म्हणाले, मला काही वासच..."

ती बोलता बोलता थांबली.

विश्वजीतचा आवाज एकदम उतरला. "श्रावणात माझ्या बाबांना करोना झाला होता ना, त्याची सुरुवात अशीच झाली. आईने हिंगाची फोडणी दिली, सगळं घर खोकलं, आणि बाबा विचारतात, आज फोडणी नाही का?"

घाटावर घंटा वाजत होत्या, नावाडी हाका मारत होते. कस्तुरीला काहीच ऐकू आलं नाही. उन्हात बसणं. काढा पिणं. एरवी गल्लीत कुणाचं दूध करपलं तरी काका हटकून विचारत, कुणी करपवलं; चार दिवसांत त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. आणि परवा त्याच मधल्या खोलीत अन्नपूर्णाआजी येणार होत्या. त्यांच्या आईच्या लुगड्याची चिंधी गोधडीत आहे. ऐंशीच्या पुढच्या आजी, त्यांच्यासारख्याच आणखी आज्या, आणि मधोमध ओव्या म्हणणारे नरहरकाका!

"आपण सांगितलं तर कुणी ऐकेल का?" निनाद म्हणाला. "म्हणतील, अंगावर आलं म्हणून पोरं उलट चुगली करतायत."

"म्हणून सांगायचं नाही," कस्तुरी म्हणाली. डोळे पुसून कोरडे झाले होते. "दाखवायचं."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतल्या देवांच्या शृंगाराच्या दुकानातून त्यांनी एक कापडी गुलाब आणला. हुबेहूब! निनादने त्यावर पाण्याचे थेंब शिंपडले.

"दव!" तो म्हणाला. "गजब दिसतोय ना? मीच फसेन."

"तू तर वांग्यालाही गोल म्हणतोस!"

पळसाच्या पानांच्या दोन्यात गुलाब ठेवून कस्तुरी काकांच्या खिडकीशी गेली. दोना बाहेरच्या कठड्यावर ठेवला आणि ती चांगली मागे सरकून उभी राहिली. शरदिनीमावशींना दोघा मुलांनी "एक मिनिट, फक्त एक मिनिट!" म्हणून कोपऱ्यावर आणून उभं केलं होतं.

"काका," कस्तुरीने हाक मारली. "रागावलात का?"

काका खिडकीत आले. चेहरा ओढलेला होता. "तुझ्यावर? नाही गं, पोरी."

"उद्यासाठी गुलाब आणलाय. रामनगरचा. बघा तरी."

खोटं बोलताना तिची जीभ अडखळली. मनात कुठेतरी ती म्हणत होती, काका, म्हणा ना, हा कसला गुलाब, याला तर वासच नाही! म्हणा आणि मला खोटं पाडा!

काकांनी दोना उचलला. मास्क खाली ओढला. डोळे मिटून खोल श्वास घेतला.

"वा! काय घमघमतोय गं!"



"काका," कस्तुरी म्हणाली, "तो कापडाचा आहे."

काकांनी गुलाबाला बोट लावलं. बोट तसंच राहिलं. मग मास्क चटकन वर ओढून ते भिंतीला टेकले.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"तीन-चार दिवस. ताप उतरलाय गं. नुसता वास..." त्यांचा आवाज बारीक झाला. "घर उघडलं नाही तर गोधडी दिल्लीच्या मोठ्या संग्रहालयात पाठवायचं ठरतंय. मग मी इथे कुणाची राखण करू? म्हणून म्हटलं, घर कसं स्वच्छ करून ठेवू. आणि औषधच जास्त पडलं. कस्तुरी, एवढा उद्याचा दिवस जाऊ दे. कुणाला सांगू नकोस. तू माझा उजवा हात ना?"

"होते," कस्तुरी म्हणाली.

एवढंच म्हणाली. पण तो एक शब्द उच्चारताना तिला इतकं दुखलं, की कालचं रडणं त्यापुढे काहीच नव्हतं.

"तुम्ही मला सांगितलं असतंत, तर मी तुमच्या दाराशी जेवणाचा डबा ठेवला असता. मावशींशी भांडले असते. तुम्ही माझं नाव का घेतलंत?"

कोपऱ्यावरून शरदिनीमावशी पुढे आल्या आणि अंतर राखून थांबल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "नरहर," त्या एवढंच म्हणाल्या, "खिडकी लावू नका, दार मात्र लावून घ्या. मी तपासणीवाल्यांना फोन करते."

*

काकांना करोनाच निघाला. बाकी सगळ्यांच्या तपासण्या ठीक आल्या, तरी मुलं घरातच कोंडली गेली. निनादने घरभर गोल काढून आईचा मार खाल्ला! देवदिवाळीचे दिवे त्यांनी गच्चीवरून पाहिले. वेणूबाईंचं घर काही त्या दिवशी उघडलं नाही.

उघडलं ते पौषात, कोवळ्या उन्हात. आणि मधल्या खोलीत नव्हे, अंगणात! गोधडी खोलीतच होती, दारंखिडक्या सताड उघड्या होत्या. एकेका आजीने उंबऱ्यापाशी जायचं, बघायचं, परत आपल्या गोलात येऊन बसायचं. मावशींनी दिल्लीला स्पष्ट कळवलं होतं: गोधडी इथेच राहील.

"त्या दिवशी आपण त्या मधल्या खोलीत दाटीने बसलो असतो," मावशी सगळ्यांसमोर म्हणाल्या. "या तिघांनी डोकं चालवलं म्हणून आज आपण सगळे इथे आहोत. आणि कस्तुरी, मी तुला विचारलंसुद्धा नव्हतं. चुकलं माझं."

आज्यांनी टाळ्या वाजवल्या. "पोरं नव्हेत, रतनं आहेत!" अन्नपूर्णाआजी म्हणाल्या. त्यांना वांग्याच्या आकाराचा गोल मिळाला होता. "आणि हा गोल ज्याने काढला, त्याला दोन लाडू जास्त! पाय पसरायला जागा आहे."

निनादने विश्वजीतकडे असं काही पाहिलं की विचारू नका!

कस्तुरीने गोष्ट सांगितली. ओवी म्हणताना एकदा तिचा आवाज हलला, पण तुटला नाही. गोष्ट संपली, तेव्हा एका आजींनी विचारलं, "आणि ते पांढरे ठिपके? ते कुठल्या गावच्या लुगड्याचे गं?"

विश्वजीतने तिला खुणावलं, सांग ना! ती बोलली नाही.

"ते माझे," दाराबाहेरून आवाज आला. नरहरकाका गल्लीतल्या शेवटच्या गोलात उभे होते, खूप वाळलेले. "माझ्या हाताने पडले. आणि मी या पोरीचं नाव सांगितलं. तिने काही केलं नव्हतं."

काका यावेळी फरशीकडे बघत नव्हते.

सगळे लाडू खात होते, तेव्हा कस्तुरी एक दोना घेऊन गल्लीत गेली. दोघांच्या मधल्या पायरीवर तो ठेवून ती मागे सरकली. दोन्यात गुलाब होता.

"खरा आहे हं!" मागून निनाद ओरडला.

काकांनी दोना उचलला. वास घेतला. पुन्हा घेतला. कस्तुरी त्यांच्या डोळ्यांकडे बघत होती.

"नाही गं," ते म्हणाले. "काहीच येत नाही. अजून नाही."

कस्तुरी त्यांच्या गोलाकडे गेली नाही. पण आपला दोनाही तिने परत घेतला नाही.

"बरं," ती म्हणाली. "उद्या दुसरा आणते."