पाठीतलं पाणी

"थोडे दिवसच," असं पुटपुटत नवऱ्याने तिला मागच्या खोलीत ठेवून बाहेरून कडी घातली. ती समोर दिसली की धाकटा दीर ताटाला हात लावत नव्हता. वहिनी जेवणातून विष घालते, असं तो येईल त्याला सांगत सुटला होता... तोच दीर, ज्याची आई तो जेमतेम पावलं टाकत असताना गेली, ज्याच्यासाठी तिने शाळेतली नोकरी सोडली, आणि जो आता कॉलेजात शिकत होता! त्याच्या बोलण्याने ती कळवळली होती, पण काळीज चिरलं ते नवऱ्याच्या प्रश्नाने. नजर चुकवत त्याने विचारलं होतं, "तू खरंच काही घातलं नाहीस ना?"

एका दुपारी बाहेर काहीतरी धाडकन पडलं. नवऱ्याची घाबरी हाक, धावपळ, गाडीचा आवाज... आणि मग शांतता. तिने दार बडवलं, हाका मारल्या, पण घाईत सगळे तिला विसरून गेले होते. शेवटी शेजारणीने येऊन कडी काढली. दिराला फिट आली होती. ती तशीच हॉस्पिटलकडे धावली.

डॉक्टरांना त्याच्या पाठीतलं पाणी तपासणीसाठी काढायचं होतं, पण तो कुणाला जवळ येऊ देईना. तिने त्याला कुशीत घट्ट धरून ठेवलं. तो शिव्या देत तिच्या दंडात नखं रुतवत होता, आणि सुई निघेपर्यंत तिने मिठी सैल केली नाही. नवरा मात्र तिच्यादेखत डॉक्टरांना म्हणाला, की विषाचीही तपासणी करा.

विष कुठेच सापडलं नाही. पाठीच्या पाण्यात अँटिबॉडीजचं प्रमाण मात्र भलतंच वाढलेलं होतं. रोगाशी लढणारी शरीराची ही ताकद त्याच्याच मेंदूवर उलटली होती, भ्रम त्यातूनच आले, उपचारांनी तो बरा होईल, असं डॉक्टरांनी समजावलं.

दीर हळूहळू सावरला. आपण काय काय बोललो, यातलं त्याला काहीच आठवत नव्हतं, आणि तिने ते कुणाला सांगूही दिलं नाही. अँटिबॉडीजचं प्रमाण उतरलं का, हे पाहायला पुन्हा पाणी काढलं, तेव्हा लॅबबाहेरच्या बाकावर ती एकटीच बसली होती. नवरा समोर येऊन उभा राहिला.

"मला माफ कर," तो म्हणाला.

"तो आजारी होता," ती शांतपणे म्हणाली. "तुम्हाला काय झालं होतं?"

तो तसाच उभ्याने रडू लागला, येणाऱ्याजाणाऱ्यांची लाज न बाळगता... ती समोरच्या बंद दाराकडे बघत राहिली. मग शेजारी ठेवलेली पिशवी तिने उचलून मांडीवर घेतली, आणि जराशी सरकली.