नवव्या मिनिटाचा पंचम

मिरजेच्या मेंदू संशोधन केंद्रात कुमुदिनी बर्वे चार महिने निश्चल पडून होत्या. डोळे उघडे, पण ओळख नाही. आतली जाणीव शाबूत असल्याचं सिद्ध झालं तरच नवे जागृती-उपचार मिळणार होते, आणि आज तपासणीची शेवटची फेरी होती.

डॉ. तस्नीम मुजावर यांनी कुमुदिनीबाईंचे पती दिनकरराव यांना ‘अपेक्षालेखक’ यंत्र समजावून सांगितलं. संगीत ऐकताना मेंदू पुढचा सूर आधीच ताडतो. अंदाज चुकला की पडद्यावरची रेषा उसळते. नेहमीच्या चालीत कुणाचाही मेंदू सवयीनं अंदाज बांधतो, त्यावरून आठवण सिद्ध होत नाही. त्यासाठी बाईंना ठाऊक, पण इतर कुणालाच अंदाज येणार नाही असं संगीत हवं.

“मग हिचंच लावा,” दिनकरराव म्हणाले. “बावीस वर्षांपूर्वी एकदाच वाजलं. पाचव्या मिनिटाला निम्मं सभागृह चहाला गेलं, ते परतलंच नाही.”

व्हायोलिन, पेटी आणि दोन पितळी घंगाळं यांच्यासाठी कुमुदिनीबाईंनी लिहिलेली ती अकरा मिनिटांची रचना. एका सुरावरून पुढचा कळेल तर शपथ. हस्तलिखितावरून संगणकानं ती वाजवली. तस्नीमनी आधी स्वतःवर प्रयोग केला, तेव्हा रेषा उड्याच मारत राहिली. कुमुदिनीबाईंची मात्र आठ मिनिटं सपाट होती. दिनकररावांचा चेहरा उजळला.

“काका, सपाट रेषेचे दोन अर्थ होतात,” तस्नीम हळूच म्हणाल्या. “सगळं आठवतंय, किंवा काहीच ऐकू येत नाही.”

तेवढ्यात नवव्या मिनिटाला रेषा एकदाच उसळली. पुन्हा वाजवलं, पुन्हा तिथेच. स्वतः लिहिलेल्या सुराचं बाईंना नवल कसं वाटलं, हे तस्नीमना उलगडेना.

दिनकरराव खजील झाले. त्या कार्यक्रमात पेटी त्यांचीच होती. जन्म नाट्यसंगीताच्या साथीत गेलेला. तीव्र मध्यमावर थांबायचं लिहिलं होतं, पण बोट सवयीनं पंचमावर गेलं. बायको काही बोलली नाही, आणि त्यांनीही चूक पोटात ठेवली. आज पहिल्यांदाच त्यांनी ती तस्नीमना सांगितली.

तस्नीमनी तिथे पंचम घातला. रेषा हललीसुद्धा नाही. मध्यम परत घातला, तशी उसळली. त्यांनी लगेच उपचारांच्या कागदावर सही केली.

दिनकररावांना रडू आवरेना. त्यांनी बायकोचा हात हातात घेतला.

“तेव्हाच कान धरायचा होतास गं माझा,” ते म्हणाले. “ठेवून कशाला घेतलास तो पंचम?”