उपाशी रक्त

गोळी जिभेवर विरघळायला लागली, तेव्हा कुठे हर्लिंडा सामुदिओला आठवलं की आपल्याला उपाशी राहायचं होतं.

गोळी पेपरमिंटची होती. देणारा शेजारच्या खुर्चीवरचा उंच, काळा म्हातारा, थॅडियस पिकेट. शिकागोच्या दक्षिण भागातल्या आपल्या चर्चमध्ये तो दर रविवारी पांढरे हातमोजे घालून दारात उभा राहायचा, येणाऱ्यांना बाकावर बसवायचा आणि कुणी खोकलं की खिशातून पेपरमिंट काढून द्यायचा. इतकी वर्षं दिली होती, की हात आता त्याला विचारत नसे. हर्लिंडा खोकली, हात खिशात गेला. आणि मेक्सिकोतल्या मिचोआकानच्या आईनं वाढवलेली बाई वडीलधाऱ्यानं पुढे केलेली वस्तू नाकारत नाही. सोबत म्हणून त्यानं स्वतःच्या तोंडातही एक टाकली. झालं!

तेवढ्यात रक्त काढणारी विनी क्वोक पडदा सारून बाहेर आली.

“मिसेस हर्लिंडा सामुदिओ, गालात काय आहे?”

“काही नाही,” हर्लिंडा म्हणाली. गोळी दातावर टक्कन वाजली.

“आणि मिस्टर पिकेट, तुमच्या?”

“जीभ.”

“जिभेला पुदिन्याचा वास कधीपासून यायला लागला? उठा दोघं. पुढच्या आठवड्यात या. उपाशी म्हणजे उपाशी, कळलं?”

हा हृदयरोगाचा मोठा अभ्यास होता. शहरातल्या पिकल्या केसांच्या माणसांचे गट पाडले होते – गोरे, काळे, चिनी, स्पॅनिश बोलणारे. हृदय बिघडण्याची चाहूल रक्तातल्या कुठल्या खुणांवरून आधी लागते, ते बघायचं होतं. आजवर बहुतेक गोऱ्यांच्या रक्तावरून सगळ्यांचं ‘ठीक’ ठरवलं, आणि आता बाकीच्यांची आठवण झाली. त्याला उपकार म्हणत नाहीत, उशीर म्हणतात.

बाहेर बर्फाचा चिखल झाला होता. हर्लिंडा पायऱ्यांवरच तडकली. “दोन बस बदलून आले मी! कालपासून पोटात पाण्याशिवाय काही नाही. आणि तुम्ही – चॉकलेटं वाटत फिरता?”

“पाप तर घडलंच आहे, मिस हर्लिंडा. आता नाश्ता करून टाकू.”

“माझं नाव कुणी सांगितलं तुम्हाला?”

“विनीनं. अख्ख्या मजल्याला सांगितलं.”

तिला हसायचं नव्हतं. पण भुकेल्या माणसाला राग फार वेळ पेलवत नाही.

कोपऱ्यावरच्या खाणावळीत त्यानं ग्रिट्स मागवले. पांढरी, मऊ, मक्याची लापशी. तिनं चमच्याचं टोक बुडवून चाखलं आणि तोंड वाकडं केलं. “मक्याचं असं वाटोळं करता होय तुम्ही लोक?”

“तुम्ही काय त्याचं सोनं करता?”

“रविवारी या घरी. दाखवते.”

बोलून गेली, आणि मग कॉफीत बघत बसली... सदुसष्टाव्या वर्षी कान लाल होतात, हे तिलाही नवीन होतं.

तो आला. चर्च सुटल्यावर, कोट-टायसकट. तिनं मक्याचे टपोरे दाणे घालून पोसोलेचा रस्सा केला होता. तो वाडगा पुढे करत राहिला आणि ती वाढत राहिली. पुढच्या रविवारी त्यानं तिचा खडखडणारा हीटर उघडला. आयुष्यभर शहराच्या बस दुरुस्त केलेला माणूस, नखांतली काळी रेघ आता जन्माची. मक्याची भाकरी, टॉर्तिया, घेताना ती बोटं तिच्या बोटांवर आली आणि तिथेच राहिली. तो हात काढायला विसरला... किंवा विसरला नाही.

“थंड होतेय ती,” ती म्हणाली.

“होऊ दे.”

त्याच दुपारी त्यानं लॉरेनची गोष्ट सांगितली, त्याच्या बायकोची. तिचं हृदय हळूहळू थकत गेलं. आधी जिना सुटला, मग खाटेवरून उतरणं. “सगळं केलं मी तिचं. त्याबद्दल तक्रार नाही. पण पुन्हा नाही, हर्लिंडा. त्या दारातून मी पुन्हा आत जाणार नाही.”

हर्लिंडानं मान हलवली. तेव्हा तिला मान हलवायला काहीच अडचण नव्हती.

त्या दरम्यान ती उपाशी जाऊन रक्त देऊन आली होती. मग अभ्यासाच्या डॉक्टरांचा फोन आला. हृदयाच्या स्नायूवर ताण पडला की रक्तात एक प्रथिन वाढतं, ते तुमचं बरंच वाढलंय, डॉक्टर म्हणाले. आज काही झालेलं नाही, पण पुढे हृदय थकण्याचा धोका आहे. पुन्हा एकदा रक्त द्यायला या.

“धोका म्हणजे किती?”

“तुमच्या गटातल्या स्त्रियांची माहिती आमच्याकडे जरा कमी आहे, त्यामुळे नेमकं सांगणं –”

“माहिती कमी आहे, कारण आम्हाला कुणी विचारलंच नाही. आता विचारताय, तर उत्तर नाही.” तिनं फोन ठेवून दिला.

त्या दिवसापासून तिनं थॅडियसचे फोन घेणं बंद केलं. अशा वागण्याला लोक त्याग म्हणतात. त्याग कसला डोंबलाचा! तिला भीती होती. खरं ऐकल्यावर त्याचा चेहरा कसा मागे सरकेल, ते तिला बघायचं नव्हतं. त्यापेक्षा आपणच दार लावलेलं बरं.

दुसऱ्यांदा रक्त द्यायला ती गेली, तर तो समोरच बसलेला.

“कुणी सांगितलं तुला? विनीनं?”

“विनीला मारलं तरी ती सांगणार नाही. तुझ्या मुलीला विचारलं मी. म्हटलं, आई जिवंत आहे का, एवढंच सांग. तिनं आजचं सांगितलं, का ते सांगितलं नाही. मी काय केलं, हर्लिंडा? नाही आवडत, तर तोंडावर सांग. हीटर दुरुस्त करणाऱ्यालाही माणूस ‘जा’ म्हणतं.”

“मग ऐक. माझं हृदय थकणार आहे. लॉरेनसारखं. नक्की कधी, कुणाला माहीत नाही. आता ऊठ आणि जा.”

तो उठला. टोपी घेतली. आणि खरोखरच गेला.

म्हणजे हेच व्हायचं होतं. तिनं बाही वर सरकवली. विनीनं सुई टोचली, नळी भरली, कापूस दाबला.

पडदा हलला. थॅडियस उभा होता, टोपी हातात चुरगळलेली.

“जिन्यात बसलो होतो,” तो म्हणाला. “घाबरलोय मी. आताही घाबरलेलोच आहे, खोटं कशाला बोलू? पण माझ्या घरी बसून घाबरलो, तर तुला काय झालं तेही कळणार नाही... ते मला जमायचं नाही.”

“कीव नको मला.”

“कीव करायला मी काय गोरा डॉक्टर आहे?”

विनी खाकरली. “तुमचं आटोपलं असेल, तर मला एक नाव हवंय. मिसेस सामुदिओ, उद्या तुमचा पत्ता लागला नाही, तर तुम्ही कशा आहात हे आम्हाला कोण सांगेल? मुलीचं आहे. आणखी एक द्या.”

हर्लिंडानं थॅडियसकडे पाहिलं. “याचं लिही. थॅडियस पिकेट.”

“नको,” तो म्हणाला. “माझं नाव लिहू नकोस.”

कापसावरचं तिचं बोट गार पडलं. विनीचं पेन थांबलं.

“विनी, ते माणूस घराबाहेरचं लागतं ना? मला दर वर्षी विचारता तुम्ही.”

“हो. तुमच्यासोबत न राहणारं.”

“मग माझं कसं चालेल?”

हर्लिंडा त्याच्याकडे बघत राहिली. तो मागे सरकला नव्हता, आणि तीही नाही.

“मग कुणाचं लिहू?” विनीनं विचारलं.

“माझ्या बहिणीचं,” हर्लिंडा म्हणाली. “एल्विरा. ती बाहेर राहते.”