जिथे श्वास तुटतो

अहवाल सुबोध करणे हे माझे काम. पद्धत कार्यालयाइतकीच जुनी: मसुदा मोठ्याने वाचायचा आणि जिथे श्वास अपुरा पडेल तिथे वाक्य तोडायचे.

त्या दुपारी आमच्याच शीतगृहातील अपघाताच्या अहवालाचा मसुदा आला. एक हमाल आत गोठून मेला होता. पहिलेच वाक्य अर्धे पान पसरलेले: "तापमान-नियंत्रणाच्या विहित कार्यपद्धतीच्या अनुषंगाने, संबंधिताच्या निष्काळजीपणामुळे उद्भवलेल्या परिस्थितीत..." खिडकीबाहेर रस्त्यावरचे डांबर वितळत होते. वाचता वाचता माझ्या तोंडातून वाफ निघाली.

मी वाक्य तोडले. वाफ दाट झाली. खोटे शब्द उबदार असतात; म्हणून तर ते इतके पांघरले जातात. सोबतचे जबाब पुन्हा वाचत मी एकेक पांघरूण ओढून काढले. बोटे बधिर झाली, तरी लेखणी थांबू दिली नाही. तळाशी तीनच वाक्ये उरली: "तो आत होता. पर्यवेक्षकाने आत न पाहता दार लावले. तो बराच वेळ दार ठोठावत होता."

माझे पान वाचून साहेब खेकसले, "बाई, सोपं करायला सांगितलं होतं. तुम्ही तर आमचीच लक्तरं वेशीवर टांगलीत!"

"त्याच्या बहिणीला आपण सांगितलंय, चूक त्याचीच होती म्हणून."

"मग? नोकरी जड झालीय का तुम्हाला?"

"झाली असेल. पण पद्धत ती पद्धत. तुमचा मसुदा वाचा मोठ्याने. न अडखळता जमला, तर माझं मी खोडते."

ते हसले. वाचू लागले. 'निष्काळजीपणामुळे'पाशी आवाज बसला.

भिंतीतून ठक् झाले.

त्या भिंतीपलीकडे काही नव्हते. तिसरा मजला, आणि मग नुसती हवा.

ठक्. ठक्.

साहेबांच्या मिशीवर बर्फाचे कण धरले होते. "थांबवा हो हे!"

मी माझे पान पुढे सरकवले. "सही करा."

शेवटची रेघ ओढली गेली आणि भिंत गप्प झाली.

दुसऱ्या दिवशी बहीण प्रत घ्यायला आली. तिन्ही वाक्ये तिने सावकाश, मोठ्याने वाचली. कुठेही अडखळली नाही.

"वाटलंच होतं मला," ती म्हणाली. "दादा गप्प बसणाऱ्यातला नव्हताच."

मग तिने कागद गालाला लावला.

"गारच आहे हो अजून."