एर्सिलियाचं पहिलं वाक्य

गेली अकरा वर्षं एर्सिलिया रोममध्ये नुसती किंचाळत होती, आणि त्यावर तिचं घर छान चाललं होतं. गोळी असो, सुरी असो, नाहीतर जिना. सिनेमात बाई मेली की आवाज एर्सिलियाचा! गल्लीतला खाटीकसुद्धा मटण बांधताना विचारायचा, "काय बाई, आज किती वेळा मेलात?"

पण आज तिला चक्क एक वाक्य मिळालं होतं. तोरिनो शहराला पळता भुई थोडी करणाऱ्या गुंडांचा सिनेमा. त्यात बँकेतली कारकून बाई म्हणते, "नको मारूस, मी येते तुझ्याबरोबर." नाही जमलं तर वाक्य बाहेर बाकावर बसलेल्या मफाल्दाला, आणि एर्सिलिया जन्मभर किंचाळायला मोकळी.

चित्रीकरणात नट नुसते आकडे म्हणत ओठ हलवायचे. आवाज मागाहून, स्टुडिओत. फिल्मचा तुकडा दोन्ही टोकं जोडून गोल फिरवायचा, जमेपर्यंत तोच प्रसंग पुन्हा पुन्हा.

पहिल्या फेरीत पडद्यावरचा गुंड, ओव्हरकोटावर तोरिनोचा बर्फ घेऊन, कारकून बाईवर पिस्तूल रोखून उभा होता. एर्सिलिया अडखळली.

दुसऱ्या फेरीत त्याने मान जराशी वळवली.

"मास्तर, हा मघाशी तिच्याकडे बघत होता ना?"

"लग्न लावायचंय का त्याच्याशी?" दिग्दर्शक तार्चिझिओ खेकसला. "तिच्या ओठांकडे बघ!"

तुकडा तोच होता. कोपऱ्यातला ओरखडासुद्धा तोच, त्याच जागी. चौथ्या फेरीत मात्र गुंड सरळ एर्सिलियाकडे बघत होता.

"मास्तर, तो वाट बघतोय."

"आम्ही सगळेच बघतोय गं बाई! बोलावू मफाल्दाला?"

ते नाव ऐकलं मात्र, एर्सिलियाने बाह्या सरसावल्या. गुंडाच्या डोळ्यांत डोळे घालून ती म्हणाली,

"नको मारूस. मी येते तुझ्याबरोबर."

ओठ न् ओठ जुळला! गुंडाने पिस्तूल खाली केलं.

"शाब्बास!" मास्तर उडालेच. "इतकी वर्षं कुठे दडवला होतास हा आवाज?"

एर्सिलिया हसत पुन्हा पडद्याकडे वळली.

तुकडा पुन्हा फिरून आला. ओरखडा आला. कारकून बाई हात वर करून उभी होती.

समोर कुणीच नव्हतं.

मास्तर कागदावर खुणा करण्यात गुंग होते. काचेपलीकडून ध्वनिमुद्रक उबाल्दोने अदबीने विचारलं, "बाई, तुमच्या शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थांचं वाक्य कोणतं?"

एर्सिलियाने मान वळवली नाही. बाहेर जूनचं ऊन रणरणत होतं, आणि तिच्या डाव्या बुटावर बर्फाचं पाणी ठिबकत होतं.