पॅसेजच्या भिंतीवरची झीज

मी स्वतः तिथे उभी होते. त्यामुळे ही ऐकीव गोष्ट नाही.

मागच्या मे महिन्यातला रविवार. भर दुपार. मुलुंडला सुगंधाआत्याचा छोटा फ्लॅट आहे, भाड्याने दिलेला. भाडेकरू नाशिकला चालले होते. किल्ली घ्यायला आत्या मलाही सोबत घेऊन गेली.

अनिरुद्ध आणि शर्मिष्ठा. शांत जोडपं. सामान आधीच पुढे गेलेलं.

आत्या घर बघायला लागली.

"फ्रिजमागची भिंत काळवंडली, चालायचंच. नळाची चमक गेली, तेही चालायचंच. वापरलं की झिजणारच ना. पण तोडफोड दिसली, तर तिचे पैसे तुमच्याकडून हं!"

बोलत बोलत ती पॅसेजमध्ये आली...

आणि थांबली.

बेडरूमपासून बाथरूमपर्यंत भिंतीवर एक पट्टा होता. कमरेच्या उंचीवर. तिथला रंग उडालेला, भिंत तेलकट, गुळगुळीत.

आत्याने त्यावरून तळवा फिरवला. तिचा आवाजच बदलला.

"ही तोडफोड नाही रे. माझे सासरे असेच भिंत धरून चालायचे. पण असा पट्टा पडायला वर्षानुवर्षं लागतात. तुम्ही तर आत्ता आत्ता आलात. कोणी म्हातारं माणूस होतं का घरात?"

शर्मिष्ठाने अनिरुद्धकडे पाहिलं.

"आई," शेवटी अनिरुद्ध म्हणाला. "तिला अर्धांगवायू झाला होता. भिंतीच्या आधाराने चालायची."

"मग कधी बोलला नाहीत! कुठे आहेत त्या?"

"आम्ही इथे यायच्या आधीच वारली. घाटकोपरच्या घरी." तो खाली बघत होता. "हे घर तिने पाहिलंच नाही, काकी."



शर्मिष्ठा हळूच म्हणाली, "इथे आलो आणि थोड्याच दिवसांत आवाज यायला लागला. भिंतीवर हात घासत चालल्याचा. आधी खूप घाबरलो. मग... सवय झाली. दोनदा रंग दिला. पुन्हा झिजला."

"शोधत शोधत आली ती इथवर," अनिरुद्ध म्हणाला. "आता नाशिकला कशी येईल?"

आत्या एकदम म्हणाली,

"अरे, मग घेऊन जा ना तिला! एकटीला टाकून कसा जातोस?"

अनिरुद्धने रिकाम्या पॅसेजमध्ये हात पुढे केला.

"आई, चल."

काहीच नाही.

बाहेर कुठेतरी लिफ्टचं दार वाजलं, तेवढंच.

मग...

सर्र...

आवाज थांबला. पुन्हा... सर्र...

आवाज त्याच्यापाशी येऊन थांबला. त्याचा हात खाली झुकला. कोणीतरी सगळा भार टाकावा, तसा.

तो एकेक पाऊल टाकत निघाला. लिफ्टमध्ये आम्ही तिघी कोपऱ्यात दाटीने उभ्या राहिलो. कोणी सांगितलं नव्हतं. तरी त्याच्या शेजारची जागा सोडली होती.

खाली शर्मिष्ठाने गाडी चालवायला घेतली. अनिरुद्ध मागे बसला. हात तसाच धरलेला. आत्याने त्या रिकाम्या सीटकडे बघून नमस्कार केला.

संध्याकाळी आत्याचा फोन वाजला. अनिरुद्ध रडत होता.

"काकी, आई परत तिथे आलीय का हो?"

"म्हणजे? काय झालं?"

"कसाऱ्याला एका टपरीवर थांबलो. मी फक्त पाणी घ्यायला उतरलो. तेवढाच हात सोडला... परत येऊन बसलो तर ती नव्हती. किती हाका मारल्या, काकी..."

आम्ही तशाच रिक्षा करून मुलुंडला धावलो. पॅसेजमध्ये श्वास रोखून उभ्या राहिलो.

काहीच नाही.

आत्याने नंतर तिथे नवा रंग दिला. तो अजून जसाच्या तसा आहे. आत्या अधूनमधून मुद्दाम जाऊन बघते. पट्टा दिसला असता तर बरं झालं असतं, असं म्हणते. नाशिकच्या घरातही कसलाच आवाज नाही.

अनिरुद्ध सुट्टी मिळाली की कसाऱ्याला जातो. हात पुढे करून उभा राहतो. लोक बघतात. तो बघू देतो.

मागच्या आठवड्यात त्याचा फोन आला होता. टपरीवाला त्याला म्हणाला, "साहेब, दुपारी इथे एक म्हातारी हाक मारते. 'अनी... अनी...' दिसत मात्र कोणी नाही."

त्या दिवसापासून माझं कशातच लक्ष लागत नाही.

कारण अनिरुद्ध तिथे तासन्‌तास उभा असतो.

आणि त्याला ती हाक अजून एकदाही ऐकू आलेली नाही.